वेल्क्रोवर अडकलेला दोरा : अक्षतंतूच्या वाढीचा एक शैक्षणिक संच

बेळगावच्या खडेबाजारातील शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून मी गेल्या जून महिन्यात एक संच विकत घेतला. गर्भातील मेंदूत चेतापेशींचे अक्षतंतू, म्हणजे त्यांतून निघणारे लांब तंतू, आपापल्या ठिकाणी कसे पोहोचतात आणि त्या प्रवासात आसंजन रेणू, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचे धरून ठेवणारे रेणू, त्यांना वाट कशी दाखवतात, हे हाताने करून पाहता यावे यासाठी तो तयार केलेला आहे. संच एका लहान कारखान्यात मागणीनुसार बनवला जातो आणि त्यासाठी मी साडेसहा हजार रुपये मोजले. खानापूर तालुक्यातील एका पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या, महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते. आमची बहुतेक मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात आणि पहिल्या पीयूसीला एकदम इंग्रजी पुस्तक त्यांच्या हाती येते. त्या पुस्तकात चेतापेशीची आकृती असते, तिचे भाग असतात, पण एका पेशीतून निघालेला लांबलचक तंतू नेमक्या दुसऱ्या पेशीपर्यंत जातो कसा, हा प्रश्न त्यात येत नाही. मुले मात्र तो दरवर्षी विचारतात, आणि म्हणूनच हा खर्च मी केला.

संचात तीन फूट बाय दोन फुटांचा प्लायवूडचा फळा आहे आणि त्यावर विकसित होणाऱ्या मेरुरज्जूचा आडवा छेद रंगवलेला आहे. त्यावर चिकटवायच्या निरनिराळ्या रंगांच्या वेल्क्रोच्या पट्ट्या, पुढे पाच बोटांचा पंजा असलेले लोकरीचे सहा जाड दोरे, दोन जोड लोहचुंबक, प्रयोगांची बारा पत्रके आणि इंग्रजी व कन्नड मजकुराची एक पुस्तिका असा बाकीचा ऐवज आहे. मराठी म्हणून शब्दार्थांची दोन पानी झेरॉक्स मिळते. तिच्याकडे मी नंतर येईन.

आधी जे उत्तम आहे ते सांगते. दोऱ्याच्या टोकाचा पंजा फार विचारपूर्वक केलेला आहे. अक्षतंतूच्या वाढत्या टोकाला ग्रोथ कोन म्हणतात. सान्तियागो रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये कोंबडीच्या गर्भात ते टोक प्रथम ओळखले, तेव्हा त्यांच्यासमोर फक्त रंगवलेले, मृत काप होते, आणि तरीही हा भाग जिवंतपणी चाचपडत पुढे सरकत असणार असे त्यांनी मांडले. संचातील पंज्याच्या बोटांत बारीक तार घातलेली आहे, त्यामुळे एकेक बोट पुढे काढता येते, वाकवता येते, मागे घेता येते. ग्रोथ कोनची सूक्ष्म बोटेही असेच करतात. ती आसपासचा पृष्ठभाग चाचपतात, जिथे योग्य पकड मिळते तिथे टिकतात आणि जिथे मिळत नाही तिथून आखडून येतात. टोक कोणत्या बाजूला वळणार हे बोटांच्या या टिकण्या-आखडण्यावरून ठरते. ही एक गोष्ट आकृतीवरून सांगायला मला दोन तास लागत असत. पंजा हातात दिल्यावर ती पाच मिनिटांत कळली.

प्रयोगपत्रकांपैकी तिसरे पत्रकही मला मनापासून आवडले. रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या गर्भातील मज्जानलिकेचा तुकडा गोठलेल्या लसीकेच्या थेंबात लटकता ठेवला आणि चेतातंतू एकाच पेशीतून बाहेर वाढत जातो हे प्रत्यक्ष पाहिले, एवढे बहुतेक पुस्तकांत असते. पत्रकात मात्र त्यांचा १९१४ चा पुढचा प्रयोगही आहे. त्यात त्यांनी कोळ्याच्या जाळ्याचे धागे वापरले आणि गर्भातील पेशी त्या धाग्यांना धरून पसरतात असे दाखवले. नुसत्या द्रवात तरंगणाऱ्या पेशीला कोणत्याही दिशेने जाता येत नाही, तिला धरायला काहीतरी घन लागते, हा मुद्दा त्यातून निघतो. आसंजन रेणूंची सगळी कथा इथूनच सुरू होते, आणि पत्रक लिहिणाऱ्याला ते नीट ठाऊक होते असे दिसते. आमच्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात जाळ्यांची उणीव नसल्याने मुलांनी भिंगाखाली धागेही पाहून घेतले.

फळ्यावरचा मुख्य खेळ मध्यरेषा ओलांडण्याचा आहे. मेरुरज्जूच्या पाठीकडच्या भागातील काही चेतापेशींचे अक्षतंतू खाली पोटाकडच्या बाजूला येतात, मधल्या तळपट्टीतून पलीकडे जातात आणि पलीकडे गेल्यावर मेंदूच्या दिशेने वळतात. उंदरांसारख्या प्राण्यांत या तंतूंवर मध्यरेषेपर्यंत टॅग-१ नावाचा रेणू असतो आणि पलीकडच्या भागावर एल१ नावाचा दुसरा रेणू दिसू लागतो, हे १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच तंतूने वाटेत आपली पकड बदलावी, ही कल्पना मुलांना चकित करते. संचात त्यासाठी पंज्याला पिवळा आणि हिरवा असे दोन मोजे दिले आहेत, आणि मध्यरेषेवर मोजा बदलावा लागतो. ही युक्ती सुरेख आहे. तळपट्टीतील पेशींवर एनआर-कॅम नावाचा रेणू असतो. कोंबडीच्या गर्भात त्याची पकड प्रतिपिंडांनी अडवली तेव्हा काही तंतू मध्यरेषा न ओलांडताच वळले, हा १९९५ चा प्रयोगही तळपट्टीवरची एक पट्टी काढून करून दाखवता येतो.

लोहचुंबक हे नेट्रिन आणि स्लिट या रेणूंसाठी आहेत, पहिला तंतूंना मध्यरेषेकडे ओढणारा आणि दुसरा तिथून दूर लोटणारा. नेट्रिन हे नाव संस्कृतातील ‘नेतृ’, म्हणजे नेणारा, या शब्दावरून १९९४ मध्ये ठेवले गेले. आपल्या ‘नेता’ या शब्दाचे ते सख्खे भावंड आहे, आणि सीमाभागातील मुलांना नेत्यांचा पुरेसा अनुभव असल्याने या नावावर वर्गात बराच वेळ गेला. पुस्तिकेत ही व्युत्पत्ती नाही, ती असायला हवी होती. स्लिट ओळखणाऱ्या ग्राहीचे, म्हणजे तंतूवरच्या संकेत टिपणाऱ्या रेणूचे, नाव रोबो, आणि ते इंग्रजीतील वाहतूक-वर्तुळाच्या शब्दाचा संक्षेप आहे, कारण हा ग्राही नसलेल्या फळमाशीत अक्षतंतू मध्यरेषेवर पुन्हा पुन्हा ये-जा करत राहतात. गोगटे सर्कलला बाहेर पडण्याचा रस्ता न सापडलेल्या नवख्या दुचाकीस्वाराचे उदाहरण मी दिले, आणि तेवढे पुरले.

चुंबकाच्या रूपकाविषयी मात्र माझी तक्रार आहे. चुंबक दुरून ओढतो. नेट्रिन तळपट्टीतून पाझरून दुरून तंतूंना बोलावते, असेच बरीच वर्षे मानले जात होते. पण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील अभ्यासांत तळपट्टीतील नेट्रिन काढून टाकले तरी मध्यरेषेकडे जाणाऱ्या तंतूंचे फारसे बिघडले नाही. उलट वाटेवरच्या, चेतापेशींना जन्म देणाऱ्या जनक पेशींकडून येऊन तिथेच जवळपास साचणारे नेट्रिन काढल्यावर वाट चुकली. तळपट्टीचा वाटा किती, यावर त्यानंतरही चर्चा झाली आहे. तरी एवढे खरे की दुरून बोलावणारा आणि पायाखालची जमीन होणारा असे रेणूंचे दोन वेगळे गट करणे आता सोपे राहिलेले नाही. नेट्रिनच्या रचनेचा एक भाग लॅमिनिन या पायाखालच्या प्रथिनाशी मिळताजुळता आहे, हे तर सुरुवातीपासूनच माहीत होते. पुस्तिकेने ही गोष्ट एका ओळीत सांगितली असती तरी चालले असते.

संचाचा खरा दोष मात्र वेल्क्रोत आहे, आणि तो किरकोळ नाही.

पहिल्याच दिवशी कणकुंबीकडच्या एका मुलाने पंजा एल१ च्या हिरव्या पट्टीवर ठेवला आणि तो पुढे सरकवायचा प्रयत्न केला. पंजा घट्ट बसला. त्याने जोर लावला तेव्हा लोकरच तुटली. “मॅडम, हे सोडतंच नाही की ओ!” असे तो म्हणाला, आणि संपूर्ण पुस्तिकेत न आलेला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न त्याने विचारला. चिकटणे हेच जर वाट दाखवणे असेल, तर जिथे सर्वांत जास्त चिकटेल तिथे तंतूने कायमचे थांबायला नको का?

पुस्तिकेचे म्हणणे असे आहे की जितका चिकटपणा जास्त तितकी वाढ चांगली. हे म्हणणे आकाशातून पडलेले नाही. १९७५ मध्ये पॉल लेटर्नो यांनी कमी-अधिक चिकट पृष्ठभागांची नक्षी करून त्यावर चेतापेशी वाढवल्या तेव्हा ग्रोथ कोनने अधिक चिकट बाजू निवडली, आणि त्यावरून चिकटपणाची चढण चढत तंतू जातो असे सोपे चित्र तयार झाले. पण पुढे १९९१ आणि १९९२ मध्ये निरनिराळ्या रेणूंवर पेशी किती घट्ट बसतात आणि किती पुढे जातात हे वेगवेगळे मोजले गेले, तेव्हा दोन्ही आकड्यांचा मेळ बसला नाही. लॅमिनिनवर पेशी तुलनेने सैल बसतात आणि तरीही त्यावर उत्तम सरकतात. अर्थात पकड हवी, पण ती सुटायलाही हवी.

आमच्या भागात हे समजावून द्यायला जळू पुरेशी आहे. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या रानातून आलेल्या प्रत्येक मुलाने तिला पायावर चढताना पाहिलेले असते. तिच्या दोन्ही टोकांना चूषक असतात. पुढचे टोक धरते तेव्हा मागचे सुटते, शरीर आखडते, मागचे पुन्हा धरते आणि पुढचे सुटते. दोन्ही टोकांनी एकाच वेळी धरले तर ती जागची हलत नाही, आणि दोन्ही सुटली तर पडते. ग्रोथ कोनमध्ये टोकाच्या आत ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे तंतू सतत पुढे बांधले जातात आणि मागे ओढले जातात, एखाद्या फिरत्या पट्ट्यासारखे. पेशीच्या पृष्ठभागावरील आसंजन रेणू बाहेरच्या जमिनीला धरतात आणि आतल्या बाजूने या पट्ट्याशी जोडले गेले की पट्ट्याची मागे जाणारी ओढ थांबून टोक पुढे जाते. गाडीच्या क्लचसारखी ही व्यवस्था आहे, असे टिम मिचिसन आणि मार्क किर्शनर यांनी १९८८ मध्ये मांडले होते. क्लच लागला की गाडी चालते, पण तो सोडताच येत नसेल तर गाडी गिअर बदलू शकत नाही. वेल्क्रोच्या पट्टीला क्लच नाही, आणि हीच तिची मूळ अडचण आहे.

याच कारणामुळे मला ‘आसंजन’ हा मराठी शब्दही पुरता पटत नाही. आमच्या मुलांना तो भौतिकशास्त्रातून माहीत आहे. काचेला पाणी चिकटते ते आसंजन, आणि तिथे काच काहीही ठरवत नाही. पेशीवरील हे रेणू मात्र बाहेर काय धरले आहे याची बातमी आत पोहोचवतात, आणि ती बातमी वाचून पेशी आपली हालचाल बदलते. वर्गात आम्ही ‘पकड’ हा शब्द वापरू लागलो आणि पुष्कळ गोंधळ मिटला.

पकड सैल करण्याची निसर्गाची एक तऱ्हा तर या संचात आणणे अगदी सोपे होते. एन-कॅम हा या घराण्यातला जुना रेणू. जेराल्ड एडेलमन यांच्या प्रयोगशाळेत तो १९७० च्या दशकात ओळखला गेला. प्रतिपिंडांच्या रचनेसाठी एडेलमन यांना १९७२ चे नोबेल मिळाले होते, आणि गंमत अशी की एन-कॅमच्या बाहेरच्या भागात प्रतिपिंडांसारखीच पाच वळी निघाली. या रेणूवर गर्भावस्थेत पॉलिसायालिक आम्ल नावाच्या शर्करेच्या लांब साखळ्या भरपूर असतात. त्या पाणी धरून फुगतात आणि दोन पेशींना एकमेकींच्या फार जवळ येऊ देत नाहीत. १९९२ मध्ये कोंबडीच्या गर्भातून या साखळ्या विकराने काढून टाकल्या, तेव्हा स्नायूंकडे जाणारे तंतू एकमेकांना नको तितके धरून राहिले आणि त्यांतले काही चुकीच्या वाटेने गेले. फळमाशीतील फॅसिक्लिन-२ चा अनुभवही असाच आहे. हा रेणू तंतूंची जुडी बांधतो. १९९४ मध्ये त्याचे प्रमाण मुद्दाम वाढवले, तेव्हा तंतू जुडी सोडून आपल्या स्नायूकडे वळायला चुकले आणि पुढे निघून गेले. दिंडीतल्या वारकऱ्याने वाटेत बहिणीचे गाव येऊनही शेजाऱ्याचा हात न सोडण्यासारखे हे झाले.

आम्ही या माहितीच्या आधारे संच दुरुस्त केला. शहापूरच्या एका मागवाल्याकडून वर्गातल्या एका मुलीने आणलेली साडीच्या काठाची रेशमी चिंधी वेल्क्रोच्या पट्टीवर अर्धवट अंथरली. तीच आमची पॉलिसायालिक आम्लाची साखळी. आता पंजा धरतो, थोडा ओढला की सुटतो आणि पुढे जातो, आणि चिंधी काढली की पुन्हा अडकतो. साडेसहा हजारांच्या संचात जे नव्हते ते फुकट मिळालेल्या चिंधीने दिले, हे मी कौतुकाने लिहावे की खेदाने, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

वेल्क्रोची दुसरी मर्यादा अशी की त्याच्या दोन बाजू वेगळ्या असतात. एकीकडे आकडे आणि दुसरीकडे फासे. एन-कॅम, एल१ आणि कॅडहेरिन यांची खासियत नेमकी उलटी आहे. एका पेशीवरचा रेणू शेजारच्या पेशीवरच्या आपल्याच जातीच्या रेणूला धरतो. हे दाखवायला एका विद्यार्थिनीने दोन सारखे कंगवे आणले. एकाचे दात दुसऱ्याच्या दातांत सरकतात, आणि बारीक दातांची फणी मोठ्या दातांच्या कंगव्यात बसत नाही. कॅडहेरिनला ही पकड टिकवण्यासाठी कॅल्शियम लागते. ते काढून घेतले की रेणूचा ताठपणा जातो आणि पेशी सुटतात, हे मासातोशी ताकेइची यांच्या कामातून पुढे आले. संचाच्या पुढच्या आवृत्तीत प्लास्टिकचे कंगवे घालावेत अशी माझी सूचना आहे, आणि त्याने किंमतही फार वाढणार नाही.

सर्वांत मोठी उणीव मला डीएसकॅमची वाटली. हाही एक रेणू, आणि याच्या नावातच आसंजन आहे (‘कॅम’ म्हणजे सेल ॲढिजन मॉलिक्यूल, पेशी-आसंजन रेणू), मानवातील त्याचे जनुक २१ व्या गुणसूत्रावर आहे, आणि फळमाशीत त्याच्या एका जनुकातून तुकड्यांची निरनिराळी जुळवणी करून ३८,०१६ वेगवेगळी रूपे तयार होऊ शकतात. बारा, अठ्ठेचाळीस, तेहेतीस आणि दोन या पर्यायांचा गुणाकार वर्गात करायला लावला तर मुले तो आकडा आयुष्यभर विसरणार नाहीत. प्रत्येक चेतापेशी यातली मोजकी रूपे धारण करते, आणि तिच्याच दोन फांद्या एकमेकींना भेटल्या तर तीच रूपे एकमेकांना ओळखून धरतात आणि धरताक्षणी फांद्या दूर होतात. पकडण्यातून दूर सारणे निघते. चिकटणे म्हणजे ओढ आणि न चिकटणे म्हणजे दुरावा, हे पुस्तिकेचे समीकरण इथे पुरते कोलमडते. आपल्यासारख्या कणाधारी प्राण्यांत डीएसकॅमची इतकी रूपे नसतात. तिथे असेच काम प्रोटोकॅडहेरिन नावाचे पन्नासाहून अधिक रेणू करतात. बारा पत्रकांत यावर एकही पत्रक नाही, आणि वेल्क्रो किती प्रकारच्या रंगांत मिळते यावर मात्र अर्धे पान आहे.

आजारावरील अकरावे पत्रक जपून वापरावे. एल१ चे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने त्यातील दोषाचा त्रास मुख्यतः मुलग्यांना होतो. मेंदूत पाणी साचणे, पायांत ताठरपणा, अंगठे तळहाताकडे वळलेले असणे, बौद्धिक वाढीत अडचण आणि दोन्ही अर्धगोलांना जोडणारा महासंयोजी पूल अपुरा राहणे, अशी लक्षणे त्यात कमी-अधिक प्रमाणात दिसतात. पत्रकात लिहिले आहे की एल१ नसेल तर अक्षतंतू वाढत नाहीत. हे चूक आहे. एल१ नसलेल्या उंदरांत अक्षतंतू वाढतातच, पण मेंदूतून मेरुरज्जूकडे जाणाऱ्या तंतूंपैकी काही ज्या जागी पलीकडे जायला हवेत तिथे जात नाहीत. वाढ आणि वाट यांतला हा फरक सांगण्यासाठीच तर संच घेतला होता. शिवाय वर्गात एखाद्याच्या घरी असे मूल असू शकते. पत्रकातील चित्र ज्या तऱ्हेने काढले आहे, ते मी मुलांना दाखवले नाही.

भाषेची दोन पानी झेरॉक्स निराशाजनक आहे. त्यात ‘अक्षतंतू’ बरोबर आहे, पण ग्रोथ कोनला ‘वाढीचा शंख’ म्हटले आहे, शंकूचा शंख झाला आहे, आणि एका ठिकाणी लॅमिनिनचे लॅमिनेशन झाले आहे. कन्नड मजकूर माझ्या कन्नड शिकवणाऱ्या सहकाऱ्यांनी वाचला आणि तो पुष्कळ सरस आहे असे सांगितले. मराठीसाठी तेवढीच मेहनत घेतली असती तर या तालुक्यातील निम्म्या वर्गांचे काम झाले असते. दुकानदारांना मी सुधारलेले शब्द लिहून दिले, आणि त्यांनी ते विनातक्रार कारखान्याकडे पाठवले, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

टिकाऊपणाविषयी थोडक्यात. जुलैच्या पावसात प्लायवूडच्या कडा फुगल्या आणि पट्ट्यांमागचा गोंद सुटू लागला, म्हणजे संचात जे चिकटायला हवे होते तेवढेच सुटले. फळा आता कपाटात तांदळाच्या पुरचुंड्यांसोबत ठेवतो. चुंबक आणि पंजे उत्तम आहेत. तुटलेल्या दोऱ्याऐवजी नवा दोरा आठवड्याभरात मोफत मिळाला.

पदवी महाविद्यालयाने किंवा जिज्ञासू शिक्षक असलेल्या पीयू महाविद्यालयाने हा संच घ्यायला हरकत नाही, मात्र पुस्तिकेची पाने पाच ते आठ बाजूला ठेवावीत आणि सोबत दोन कंगवे व एक रेशमी चिंधी आणावी. शाळांनी इतक्यात घेऊ नये. त्यांना पंजा आणि तिसरे पत्रक एवढेच सुटे मिळाले तर पुरेल, आणि ते सुटे विकतात का, असे मी दुकानात विचारून ठेवले आहे. घेणाऱ्यांनी दिवाळीनंतर घ्यावा, पावसाळ्यात घेऊन खानापूरकडे आणू नये.